दात घालून आलेला फोन

“तू दात घालून बोलतेयस.”

“आं?”

“आं काय करतेस? घातलेत ना दात? इतक्या सकाळी?”

“अगं खडू, उठले, तोंड धुतलं, घातले. चोरी केली का कुणाची?”

“चोरी कोण म्हणतंय? पण माझ्या चहाला अजून उकळी फुटली नाही, आणि तुझं तोंड भरलेलं. कुणासाठी गं एवढा थाट?”

पलीकडून शिडी घाईघाईनं म्हणाली, “बरं, ठेवू का? खाली अत्तर येऊन उभी राहिलीय. फिरायला जायचंय.” आणि इकडून ‘ठेव’ म्हणायच्या आत ठेवलासुद्धा.

खडूनं फोन कानापासून काढला आणि त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानंच तिचा घात केलाय. तेवढ्यात चहा उतू गेला.

“आई, चहा!” आतून सून ओरडली.

“जाऊ दे मसणात,” खडू म्हणाली. हे चहाला होतं की आणखी कुणाला, ते सुनेनं विचारलं नाही. पोरगी शहाणी होती.

आता ही नावं आधी सांगून टाकली पाहिजेत. खडू, शिडी आणि अत्तर ह्या सत्तरी ओलांडलेल्या तीन बायका. कॉलेजात रसायनाच्या वर्गात पडलेली ही नावं, ती गोंदणासारखी बसली ती बसलीच. लग्नं झाली, पोरं झाली, नवरे गेले, केस गेले, नावं काही गेली नाहीत. शिडी उंच. वरच्या फळीवरची बाटली काढायची झाली की प्राध्यापकसुद्धा तिलाच हाक मारायचे. खडू हाडकुळी, चालता चालता मध्येच कुठंतरी मोडेल अशी. आणि अत्तर दुसऱ्या वर्षाला आली, ती रुमालाला वास लावून. प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांचा भपकारा सुटलेला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि ही बाई नाकाला रुमाल लावून राणीसारखी उभी. नाव तिथंच पडलं.

तोवर खडू आणि शिडी एका टेबलावर असायच्या. एक बर्नर, एक परीक्षानळ्यांचा स्टँड, दोघींत मिळून एक आगपेटी. अत्तर आली तशी शिडी “तिला काहीच येत नाही गं, जरा दाखवते,” म्हणून पलीकडच्या टेबलावर गेली आणि सहामाही संपेपर्यंत दाखवतच राहिली. खडूच्या वाट्याला जो पोरगा आला त्याला वर्गात ढेकर म्हणत. का म्हणत ते सांगायला नको. ती सहामाही खडू विसरली नाही. म्हैस पाण्यात बसली तरी शेपटीला गोमाशी चावलेली विसरत नाही, तशातली गत.

पुढं अत्तर लग्न करून परदेशी गेली, आणि खडूला शिडी परत मिळाली. शिडी ग्रंथालयात नोकरीला लागली. खडूनं जाहिरात बघून दातांच्या कारखान्यात अर्ज टाकला. ‘रसायनशास्त्राची पदवी असल्यास उत्तम’ असं त्यात लिहिलेलं होतं, आणि गेल्यावर कळलं की काम प्लास्टर कालवायचं. कालवलं. एका खवीस म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिव्या खात खात ती कवळ्या करायला शिकली. तो कारखाना बुडाला, म्हातारा गेला, खडूचा हात मात्र राहिला. आता ती एका दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसते. खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि मेण कोरायच्या सुऱ्या, भिंतीच्या फळीवर रांगेनं लोकांचे प्लास्टरचे जबडे. पुढं डॉक्टर तोंडाचं माप घेतो, मागं खडू त्याचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते. मेण तोंडात घालून बघायचं, जमलं तर त्या मेणाच्या जागी पक्की गुलाबी कवळी करायची, चाकावर घासून गुळगुळीत करायची. मग कुणीतरी आजोबा घरी जाऊन सफरचंदाला तोंड लावतात आणि घरच्यांना हाका मारतात. डॉक्टर पोराच्या वयाचा आहे. तो तिला मावशी म्हणतो, आणि म्हातारी माणसं खुर्चीत बसली की “मावशी, जरा या,” म्हणून बोलावतो, कारण म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं ते त्याला अजून येत नाही.

गंमत अशी, की सगळ्या गावाचे दात करणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या तोंडातला एक दात हललेला नाही. अक्रोड दातानं फोडते आणि कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघते.

शिडीची कवळी अर्थातच खडूनं केलेली. शिडीचा नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी शिडीचे उरलेसुरले दात गेले. आणि तेव्हापासून दोघींचा रोजचा रिवाज पडला, सकाळच्या फोनचा. शिडी एकटी राहायची, पोरगा दुसऱ्या शहरात, आणि दोघींच्या घरांमध्ये दोन बसचा प्रवास. म्हणून उठल्या उठल्या तिनं खडूला फोन करायचा. “उठलीफ का गं?” “उठले. तू जिवंत आहेस का?” “आहे वाटतं. अफं वाटतंय.” दात रात्रभर वाटीतल्या पाण्यात पडलेले असायचे, तोंड रिकामं, त्यामुळं प्रत्येक ‘स’चा ‘फ’ व्हायचा. त्या फसफसत्या आवाजात शिडी काय काय सांगायची! रात्री झोप लागली का, पोट साफ झालं का, स्वप्नात मेलेला नवरा आला आणि त्यानं काय मागितलं, पोराचा फोन आला नाही म्हणून किती वाईट वाटलं. तास अर्धा तास चालायचं. मग “थांब, दात घालते आता,” म्हणून शिडी ठेवायची. दात घातल्यावरची शिडी सगळ्या जगाची, ग्रंथालयाची, शेजारपाजाऱ्यांची. दात घालायच्या आधीची शिडी एकट्या खडूची. पोरानं तिला तसं बघितलं नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच. तो वेळेवर सुटला.

हे असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण खडूला पक्कं ठाऊक होतं की हा मान तिचा आहे, आणि तो तिनं कुणाला वाटून दिलेला नाही.

तर अत्तर परत आली. नवरा वारला, परदेशातलं घर विकलं, आणि एवढ्या मोठ्या शहरात बाईला जागा मिळाली ती कुठं? शिडीच्याच इमारतीत. एक मजला खाली.

“योगायोग बघ गं!” शिडी म्हणाली होती.

“बघतेय ना,” खडू म्हणाली होती. “डोळे भरून बघतेय.”

आल्या आल्या अत्तरनं वर्गातली सगळी म्हातारी हुडकून काढली आणि मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप केला. आता रोज दिवस उजाडला की त्यावर सूर्यफुलं उगवायची. शुभ सकाळ. त्याच्यावर दुसऱ्याचं शुभ सकाळ, खाली कपबशी, कपबशीतून वाफ. ढेकरसुद्धा सापडला होता. तो कुठल्याशा बँकेतून निवृत्त झाला होता आणि रोज पोटाच्या व्यायामाचे व्हिडिओ टाकायचा. खडू बघायची ती एकच गोष्ट: शिडीचं सूर्यफूल कधी आलं. आणि ते फोनच्या आधी आलेलं असायचं! म्हणजे ढेकरला शिडी उठल्याचं आधी कळतंय आणि खडूला नंतर. अंगाची अशी लाही व्हायची की त्या लाहीवर सुनेनं दूध तापवून घ्यावं.

वर शिडी एक दिवस म्हणाली, “अत्तर म्हणते, आता ग्रुपवर सगळ्यांची खबर लागतेच की. रोज उठून वेगळा फोन करायची तशी गरज नाही.”

“अत्तर म्हणते. तू काय म्हणतेस?”

“मी काही म्हणत नाही. मी आपलं सांगितलं.”

खडू त्या दिवशी कामावर गेली आणि तिनं एका निरपराध आजोबांचा जबडा हातातून पाडला. दोन तुकडे. डॉक्टरला पुन्हा माप घ्यावं लागलं.

आणि आता हे. दात घालून फोन. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, आठवडा झाला. शब्द एकदम स्वच्छ, ‘स’ला ‘स’, बातम्या देणाऱ्या बाईसारखे. बोलणंही तसंच, हवापाण्याचं. खडूनं पुढचा हिशेब मनात केला. उठल्या उठल्या दात घातले याचा अर्थ हिचं पहिलं बोलणं माझ्याशी होतच नाही. पहिलं बोलणं तिच्याशी होतं. बिनदातांचं, पोटातलं, स्वप्नातलं सगळं तिथं सांगून होतं. मग तोंड धुऊन, दात घालून, उरलंसुरलं मला. सहामाहीचं टेबल पुन्हा सुरू झालं म्हणायचं.

“आई, तुम्हाला बरं नाही का?” सुनेनं विचारलं.

“मला काय धाड भरलीय? माझे दात बघ.” आणि तिनं सुनेला दात दाखवले. सून दोन पावलं मागं सरली.

अशात एका दुपारी डॉक्टर मागच्या खोलीत आला. “मावशी, एक नवी कवळी आहे. तुमचं नाव सांगून आल्यात. म्हणतात, आम्ही एका वर्गातल्या.” आणि त्यानं माप टेबलावर ठेवलं.

अत्तरची परदेशातली कवळी बेसिनमध्ये पडून मधोमध चिरली होती. बाईनं काय करावं? पोरं खेळणी चिकटवतात त्या गोंदानं ती घरच्या घरी चिकटवली आणि तशीच तोंडात घालून हिंडत होती.

खडूनं मापात प्लास्टर ओतलं. तासाभरानं सोडवलं तर हातात अत्तरचा जबडा. सत्तरी ओलांडलेली बाई, एवढा रुबाब, एवढा सुगंध, आणि हा तिचा वरचा जबडा, खारीनं कुरतडलेल्या खोबऱ्याच्या कवडासारखा. खडूनं तो उलटासुलटा केला. खिडकीत धरला. “आता कशी सापडलीस,” ती त्या प्लास्टरला म्हणाली.

मग ती दात लावायला बसली. दिव्यावर सुरी तापवायची, मेण वितळवायचं, दात टेकवायचा, थंड होऊ द्यायचा. तिचा हात आपोआप चालतो. पण त्या दिवशी हात आपोआप चालत नव्हता, डोकं त्याला सांगत होतं. वरचे पुढचे दात केसभर इकडंतिकडं झाले आणि त्यांच्यामागं मेण जरा जास्त राहिलं, की माणूस बोलताना शिट्टी वाजते. प्रत्येक ‘स’ला. नवशिक्यांच्या हातून होतं ते. खडूच्या हातून कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. म्हणजे तिनं केलं. पहाटे फिरायला जाईल आणि शिडीशी शिट्टी वाजवत बोलेल, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि खडूला इतकं बरं वाटलं की तिनं डबा उघडून चार अक्रोड फोडले.

मेणातले दात घालून बघायच्या दिवशी अत्तर आली ती शिडीला बरोबर घेऊनच. शिडीनं मागच्या खोलीत डोकं घातलं. दाराची चौकट तिला अजून ठेंगणीच पडायची.

“खडू! आलो गं आम्ही.”

आम्ही. खडूनं सुरी पुसली. “या तुम्ही.”

डॉक्टर दुसऱ्या खुर्चीवरच्या दाढेत अडकला होता. म्हणाला, “मावशी, तुम्हीच बघून घ्या, मी येतो शेवटी.” अत्तर मागच्या खोलीतच खुर्चीवर बसली. शिडी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसायला लागली, तशी अत्तर म्हणाली, “तू बाहेर बस.”

“का गं? मी काय खातेय तुला?”

“बाहेर बस म्हटलं ना. मला दात काढायचेत.”

शिडी बाहेर बाकावर जाऊन बसली. दाराच्या काचेतून तिची मान दिसत होती. अत्तरनं दार लागल्याची खात्री केली, चिकटवलेली कवळी काढून रुमालात ठेवली आणि तोंडावर हात धरला. खडूनं हात बाजूला केला. रोज दहा तोंडं बघणारी ती. पण हे तोंड बघून तीही क्षणभर थांबली. दात काढले तसा तो सगळा रुबाब आतून टेकू काढलेल्या तंबूसारखा खाली बसला होता. गाल आत, ओठ आत, नाक हनुवटीला भेटायला निघालेलं. समोर एक म्हातारी होती, बस्स. त्या म्हातारीला अत्तराचा वास तेवढा येत होता.

“बघू नको गं अशी,” अत्तर म्हणाली. “लाज वाटते.”

“मी बघायची नाही तर कोण बघेल? आ कर.”

तिनं मेणातले दात बसवले. “आता साठपासून सत्तरपर्यंत मोज.”

“एकसष्ट,” अत्तर म्हणाली, आणि शिट्टी वाजली. “बासष्ट.” शिट्टी. “त्रेसष्ट.” आगगाडी फलाटावर यावी तशी. बाहेरच्या बाकावर एक आजी दचकून रुळाच्या दिशेला बघावं तशी दाराकडं बघायला लागली.

खडू वाट बघत होती, की आता ही चिडेल. परदेशात असं नसतं, म्हणेल. म्हणजे आपल्याला चार शब्द ऐकवता येतील. पण अत्तरनं आरशात बघितलं, पुन्हा एकदा “सदुसष्ट” म्हणून बघितलं, आणि म्हणाली, “सवयीनं जाईल ना हे? तू केलेत म्हणजे बरोबरच असतील. शिडी सांगत होती, खडूच्या हातचं काम म्हणजे डोळे झाकून तोंडात घाल. रोज सांगते. खडू असं, खडू तसं. कान किटले माझे.”

“रोज सांगते?”

“मग काय! आम्ही फिरायला निघायचं म्हणजे आधी ह्या बाईचा फोन होतो. मला दाराबाहेर उभी करते. म्हणते, खडूला फोन करायचाय, तू खाली जाऊन थांब. मी काय चोर आहे का? म्हणून तर मी म्हटलं तिला, ग्रुप आहे ना, रोज रोज वेगळा फोन कशाला? तर आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.” अत्तर बोलत होती आणि प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजत होती. “आणि बेल वाजवली तर दार लवकर उघडत नाही कधी. एकदा मी जरा आधी गेले वर. पंधरा मिनिटं उभी! उघडलं ते दात घालून, केस विंचरून. आता तर मला वाटतं झोपतेसुद्धा दात घालूनच. मी कधी येईन म्हणून.”

खडूनं हातातली सुरी खाली ठेवली.

म्हणजे ते दात अत्तरसाठी होते खरे. हिशेब तिथवर बरोबर होता. पण पुढचं सगळं उलटं. शिडी बिनदातांच्या तोंडानं अत्तरला भेटत नव्हती, अत्तर तसं तोंड बघेल म्हणून रात्रभर दात दाबून पडत होती. खडूनं तीन आठवडे ज्याच्यावर रक्त आटवलं, ती शिडीची लाज होती. कवळ्या करण्यात जन्म घालवलेल्या बाईला हे कळू नये! दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं.

“काढ,” खडू म्हणाली.

“आं?”

“दात काढ ते. पुढचे चुकलेत. शिट्टी वाजते.”

“तू तर म्हणालीस...”

“मी काही म्हणाले नाही. तूच म्हणालीस. माझ्या हातचं म्हणून ही शिट्टी गावभर फिरायला नको.” तिनं दिवा पेटवला, मेण कोरलं, दात पुढं घेतले. पाच मिनिटांचं काम. पुन्हा बसवले. एकसष्ट, बासष्ट, सहासष्ट. ‘स’ असा उतरला, की परीक्षकानं पैकीच्या पैकी द्यावेत. अत्तर आरशात बघून हसली आणि क्षणात तंबू पुन्हा उभा राहिला. आपल्याच हातानं ही पुन्हा देखणी केली, हे बघून खडूची जुनी जळजळ परत वर आलीच. ती काही एका दिवसात जाण्यातली नव्हती.

“आता ही जुनी दे इकडं.”

“अगं, घरी काय घालून जाऊ?”

“काही घालायचं नाही. हा गोंद काय तोंडात घालायचा असतो? दोन तुकडे टाळूत घुसतील. नवी होईपर्यंत तशीच राहायचं. रुमाल आहे ना वासाचा? धर तोंडावर.”

डॉक्टर येऊन बघून गेला, म्हणाला मावशी बरोबर सांगतायत. अत्तर रुमाल धरून बाहेर आली. बाकावरची शिडी उठली. तिचं तोंड वाकडं झालेलं.

“काय एवढं चाललं होतं आत? मोजणं काय, हसणं काय. मला मेलीला बाहेर बसवून.”

खडूच्या कानाला हे इतकं गोड लागलं, की एरवी तिनं ते दोनदा म्हणायला लावलं असतं. पण शिडी बोलताना एका बाजूनं जबडा सांभाळत होती, आणि ते खडूच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

“आत ये. दात काढ.”

“माझे कशाला? माझे बरे आहेत.”

“काढ म्हणते ना.”

शिडीनं दारातून अत्तरकडं बघितलं, दार ओढून घेतलं, मग काढले. हिरडी लालभडक, डाव्या बाजूला कडेनं कापलेलं, आत पांढरं पडलेलं.

“रात्री काढत नाहीस.”

शिडी हातातले दात पुसत बसली.

“किती वेळा सांगितलंय? रात्री हिरडीला वारा लागू दे. पायातला बूटसुद्धा काढतं माणूस झोपताना.”

“ती येते गं पहाटे. बेल वाजवते. मी अशी... तिच्यापुढं कशी जाऊ? ती बघ कशी, आणि मी बघ कशी. तुझ्यापुढं ठीक आहे. तुझ्यापुढं कफलं आलंय आता.”

खडूला बाकावर चढून नाचावंसं वाटलं. पण जखम समोर होती. आणि ह्या जखमेला एकच औषध होतं: चार-पाच दिवस दात बिलकुल घालायचे नाहीत, दिवसासुद्धा. म्हणजे शिडी बिनदातांची अत्तरपुढं जाणार. दार उघडणार ती तशीच, फिरणार ती तशीच, आणि एकदा का ती लाज गेली, की मग खडूकडं राखून ठेवलेलं काय उरलं? ‘रात्री तेवढे काढत जा, पहाटे ती यायच्या आत घाल,’ असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. जखम भरली असती, जरा सावकाश. पंधरा दिवसांनी, महिन्यानं. खडूनं ते वाक्य तोंडात आणलं. जिभेवर घोळवलं. मग शिडीनं गालावर हात दाबला, दुखलं म्हणून, आणि डोळे मिटले.

“डबीत ठेव ते,” खडू म्हणाली. “चार-पाच दिवस हात लावायचा नाही. दिवसासुद्धा.”

“आणि ती?”

“ती बाहेर रुमाल धरून बसलीय. तिच्या तोंडातसुद्धा काही नाही. दोघी बघा एकमेकींकडं, आणि घाबरा.”

दोघी टॅक्सीत बसल्या. खडूनं मागच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं. आधी दोघी दोन खिडक्यांकडं तोंड करून बसल्या होत्या. मग टॅक्सी वळली.

दुसऱ्या दिवशी खडू उठली आणि चहा ठेवायच्या आधी फोन हातात घेऊन बसली. सूर्यफुलं उगवायला लागली होती. ढेकरचं पोट आलं होतं. शिडीचं काही नव्हतं. मग फोन वाजला.

“उठलीफ का गं?”

खडूच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला, की आतून सुनेनं विचारलं, “कोण गेलं?”

“उठले,” खडू फोनमध्ये म्हणाली. “तू जिवंत आहेस का?”

“आहे वाटतं. अफं वाटतंय.” आणि मग शिडीच्या मागून दुसरा आवाज आला, तोही फसफसता. “तिला म्हणावं, मीफुद्धा आहे!” त्यावर दोघी हसायला लागल्या. दात नसलेली माणसं हसतात तेव्हा त्यात खळखळ नसते, नुसता वारा असतो, भात्यासारखा. दोन भाते एकदम चालले होते.

“अत्तर आलीय का? इतक्या लवकर?”

“अगं कालपाफून इथंच आहे. टॅक्फीतच एवढं हफलो, की म्हटलं आता वेगळं कशाला झोपायचं? रात्रभर बोलत होतो. तिच्या नवऱ्याचं काय फांगू तुला... नाही, ते तुला नाही कळायचं.”

“मला का नाही कळायचं?”

“तुझ्या तोंडात फगळे दात आहेत,” मागून अत्तर म्हणाली. पुन्हा दोन भाते.

खडूनं जिभेनं आपले दात चाचपले. वरचे, खालचे, अक्कलदाढेसकट. एकही हलला नाही. एवढा राग तिला आपल्या दातांचा जन्मात आला नव्हता.

“बरं, ठेवते,” ती म्हणाली. “मला काम आहे.”

“थांब की! आज तुझ्याशी बोलायचंय किती...”

“उद्या बोल. उद्या सकाळी. दार लावून.”

ती चहा न घेताच निघाली. दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलेलं होतं, त्याखालून वाकून आत शिरली. डॉक्टर आला तेव्हा अत्तरची कवळी साच्यातून निघालेली, आणि खडू चाकापुढं अॅप्रन बांधून बसलेली.

“मावशी, ही तर पुढच्या आठवड्यात द्यायचीय. घाई काय?”

“तिला दात नाहीत, डॉक्टर,” खडू म्हणाली. “बरं दिसत नाही. आज संध्याकाळी घालून टाकू.”

आणि तिनं पायानं कळ दाबली, चाक घुमायला लागलं, पांढरी पूड उडाली, आणि अत्तरचे दात दोन्ही हातांत घट्ट धरून ती ते घासायला लागली.